कंट्रोल्स जुने होतात म्हणजे नेमके काय होते?

तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम आज खेळायला घेतला की ‘कंट्रोल्स फार जुनाट आहेत’ असा शेरा लगेच मारला जातो. मला तो बहुतेक वेळा अन्यायकारक वाटतो. पात्र ज्या मापाने चालते आणि उडी मारते, त्याच मापाने खड्डे, कडे आणि शत्रू बेतलेले असतील, तर ते कंट्रोल्स आजही पूर्णपणे खेळण्याजोगे असतात.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’बद्दल फारसा वाद होत नाही. बटण दाबून धरले की उडी उंच जाते आणि हवेतही दिशा वळवता येते. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’मध्ये मात्र एकदा उडी घेतली की हवेत काहीच बदलता येत नाही. अनेकांना हा दोष वाटतो, पण तिथले शत्रू या बांधील उडीचा हिशेब करूनच उभे केलेले आहेत. मारिओची मोकळी उडी तिथे दिली, तर कित्येक प्रसंगांतला जीवच निघून जाईल.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे १९९६ चा ‘टूम रेडर’. त्यातले सगळे जग सारख्या आकाराच्या चौकोनांवर उभारलेले आहे आणि नायिका लाराची प्रत्येक हालचाल त्या चौकोनांशी जुळते. कड्याच्या टोकाशी उभे राहून मागे एक छोटी उडी घेतली की धावत उडी मारण्यासाठी लागणारे अंतर नेमके मिळते. डावे-उजवे दाबल्यावर लारा जागीच वळते, ज्याला आपण ‘टँक कंट्रोल्स’ म्हणतो, ते या मोजमापासाठी अगदी योग्य आहे. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत आधुनिक कंट्रोल्सचाही, म्हणजे दाबलेल्या दिशेला लारा थेट चालू लागण्याचा, पर्याय आहे. त्यांनी मोकळ्या जागेत फिरणे सुखाचे होते, परंतु अवघड उड्यांपाशी ते मोजमाप हातातून निसटते, आणि मी तरी जुन्याच पर्यायाकडे वळतो.

१९९६ च्याच ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये कॅमेरा स्थिर असून खोलीगणिक कोन बदलतो. तिथेही टँक कंट्रोल्सच आहेत: ‘वर’चे बटण म्हणजे नेहमी पात्राच्या तोंडासमोरची दिशा असल्यामुळे कोन बदलला तरी धाव उलटी फिरत नाही.

सगळेच जुने कंट्रोल्स असे समर्थनीय नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. १९९७ च्या ‘गोल्डनआय’ला निन्टेन्डो ६४ या कन्सोलच्या कंट्रोलरवरील, अंगठ्याने फिरवायच्या एकाच स्टिकवर भागवावे लागले: चालणे आणि वळणे स्टिकवर, बाजूला सरकणे वेगळ्या बटणांवर, आणि अचूक नेम धरायचा तर जागीच थांबायचे. ही यंत्राच्या मर्यादेतून काढलेली वाट होती. २००१ च्या ‘हेलो’नंतर एका स्टिकने चालायचे आणि दुसरीने पाहायचे, ही पद्धत कन्सोलवर रुळली, आणि त्यानंतर जुन्या मांडणीकडे परतणे खरोखर जड जाते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे गेम जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी बनले होते, ज्यावर चित्र जवळजवळ लगेच उमटत असे. आजचे सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मगच ते दाखवतात, त्यामुळे ते थोडे उशिरा दिसते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे तीन-चार चित्रांचा उशीरही उडीची वेळ चुकवायला पुरेसा ठरतो. टीव्हीवरील गेम मोड, म्हणजे ही प्रक्रिया कमी करणारी सेटिंग, सुरू केल्यास हा उशीर बराच कमी होतो. कंट्रोल्सविषयी मत बनवण्याआधी एवढे तरी अवश्य करून पाहावे.