कुणाकडून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, लिफ्टमध्ये, पालकसभेत, प्रश्न एकच: "तुमच्याकडून की त्यांच्याकडून?" विचारताना आवाज खाली आणता, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिची उंची कमी आहे हो, कान चांगले तिखट आहेत.

माझं ठरलेलं उत्तर, "कुणाकडूनच नाही." तिला अकॉन्ड्रोप्लेझिया आहे, म्हणजे हाडं आखूड राहून उंची कमी राहते. ते असलेल्या साधारण दर पाच मुलांपैकी चौघांचे आईवडील चारचौघांसारख्या उंचीचेच असतात. चौथ्या गुणसूत्रावर एफजीएफआर-३ नावाचं जनुक आहे. हाडांच्या वाढीला लगाम घालायचं काम त्याचं. त्यात ठरावीक एका जागी डीएनएच्या 'जी' या अक्षराऐवजी 'ए' पडला की लगाम ओढलेलाच राहतो आणि हातापायांची लांब हाडं आखूड राहतात. तीन अब्ज अक्षरांत एक अक्षर. नवी म्युटेशन्स, म्हणजे असे अक्षरबदल, तर जवळपास प्रत्येक बाळात असतात, पन्नास-साठ तरी. तुमच्यातही आहेत, फक्त दिसत नाहीत.

ग्रहणाचंही सांगून टाकते. २६ डिसेंबर २०१९. पाचवा महिना. सकाळी आठच्या सुमारास ग्रहण लागलं तेव्हा मी विळीवर डब्यासाठी कोबी चिरत होते. सासूबाईंनी तेव्हा अडवलं नाही, नंतर मात्र दहा जणांना सांगितलं. अक्षर बदललं ते गर्भ राहायच्या आधी. कोबी पाच महिने उशिरा आला.

एवढं ठणकावून सांगते खरी, पण मुलगी झाल्यावर पहिलं वर्षभर मीही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर कारणं शोधत होते. केसांना लावलेला रंग. दाढेचा एक्स-रे. क्ष-किरणांनी म्युटेशन होतं हे म्युलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये फळमाश्यांवर दाखवलं, हे वाचलं त्या रात्री मी दाढेला शिव्या घातल्या. ग्रहण मानणाऱ्या सासूबाई आणि मी, फरक फार नव्हता.

मग जनुकांबद्दल समजावून सांगणाऱ्या समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या. बाईची बीजांडं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. पुरुषाच्या शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशी मात्र आयुष्यभर विभागत राहतात, दर वेळी सगळी अक्षरं नव्याने उतरवून काढायची. हा विशिष्ट बदल तर जवळजवळ नेहमी वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या प्रतीतच सापडतो, आणि वडिलांचं वय वाढतं तशी शक्यताही वाढते. "चूक कुणाचीच नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या. मला ते ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं, मी सुटले.

त्या वर्षी गौरीजेवणाला पंगत बसली होती. चुलतसासूबाईंनी पुरणपोळी मोडता मोडता विचारलं, "आमच्याकडे तर कुणी असं नाही. तुझ्या माहेरी?" आणि मी म्हणाले, मोठ्याने, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं: "हे बापाकडून येतं, काकू. वय झालेल्या बापाकडून." नवरा तूप वाढत होता. एक्केचाळीस वर्षांचा असताना बाप झालेला. त्याचा हात थांबला नाही. तो पुढच्या पानाकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, मुलाकडे बघत होत्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

रात्री तो ओट्यावर पातेली पुसत होता. पाठमोराच म्हणाला, "एक्केचाळीस." बास, एवढंच.

मूल पाच वर्षं लांबवू या, हे मीच म्हटलं होतं. नोकरीत बढती यायची होती. त्याला घाई होती, त्याने ऐकलं. हे तो पंगतीत सांगू शकला असता.

आता तुम्ही म्हणाल, मग तुझ्याकडून. नाही! पंचविशीतल्या बापांनाही अशी मुलं होतात, आणि एक्केचाळिशीतल्या बहुतेकांना होत नाहीत. वयाने शक्यता वाढते, तरी ती मुळात इतकी थोडी की वाढूनही थोडीच. हे मी तुम्हाला पाठ म्हणून दाखवते. मग पहाटे जाग येते आणि मनातल्या मनात एक्केचाळीसमधून पाच वजा करत बसते. छत्तिसाव्या वर्षी झालं असतं तर वेगळं अक्षर? वेगळीच मुलगी झाली असती. म्हणजे ही नको होती का मला? इथे मी उठून चहा टाकते.

ही आता पहिलीत आहे. बेसिनपाशी स्टूल ओढून नेते, ते कुणी उचलून दिलेलं तिला खपत नाही.

यंदा गौरीला काकूंनी परत विचारलं. त्या विसरतात हल्ली. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "माझ्याकडून," आणि त्यांच्या पोळीवर तूप सोडलं. हसत म्हणाला. ते हसू कसलं होतं मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.