तुम्ही विचारलंत म्हणून: सेल नाही, मग तास आठवतात कसे?

तासगाव भागात ज्यांच्या ज्यांच्या विहिरीवर मी ही डबी बसवली, त्यातला प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच, "यात सेल नाही म्हणता, मग लाईट गेली की हिला आधीचे तास आठवतात कसे?"

डबी मोटर किती चालली ते मोजते. एका फेजच्या वायरभोवती कॉइल असते; मोटर सुरू झाली की कॉइलमध्ये थोडी वीज तयार होते, तीच तिची भाकरी. (तिन्ही फेजच्या केबलवर एकदम कॉइल चढवली तर हाती भोपळा. मी चढवली होती.) सेल टाळला, कारण एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत तो टिकत नाही.

वीज साठते १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये. ३.३ व्होल्टवरून १.८ वर येईपर्यंत जेमतेम ३.८ मिलिजूल मिळतात, म्हणजे १० ग्रॅम वजन ४ सेंटिमीटर उचलण्याइतके. रेडिओवरून आकडा पाठवताना तेवढे पुरले नाहीत की चिप मरते, मोटर चालू असतानाच.

मरू दे. आकडा एफरॅम नावाच्या मेमरीत असतो, वीज गेली तरी पुसला जात नाही. घोळ होतो तो जाग आल्यावर. पहिल्या डबीने आठ तासांच्या लाईटीत अकरा तास मोटर चालल्याचं दाखवलं. ज्यांची विहीर ते आबा म्हणाले, "एवढं पाणी विहिरीतच नाही, बाळा."

कारण असं: ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० अशा, विजेच्या ३००० फेऱ्या मोजून झाल्या की एक मिनिट वाढवायचं, मग पाठवायचं, मग 'इथवर झालं' अशी खूण करायची. पाठवताना मेली की उठून जुन्या खुणेपासून सुरू, म्हणजे तेच मिनिट पुन्हा जमा. मार्केट यार्डात तोलाईदाराने हळदीचं पोतं वहीत मांडावं, तेवढ्यात फोन यावा, आणि परत येऊन त्याने तेच पोतं पुन्हा मांडावं, तसं.

आता आकड्याला दोन घरं दिलीत. मिनिटं आणि फेऱ्या दोन्ही मोकळ्या घरात लिहायच्या, चालू घराला हात लावायचा नाही; आणि अगदी शेवटी 'खरं घर कोणतं' एवढी एकच नोंद बदलायची. त्याआधी मेली तरी जुनं घर शाबूत. ४१ चे ४२ दहादा केले तरी ४२च. आणि पाठवायची ती एकूण बेरीज, 'एक वाढलं' असं नाही. दोनदा पोचली तरी बिघडत नाही.

मेलेल्या वेळातल्या फेऱ्या मात्र हुकतात. "कमी दाखवलेलं चालेल," आबांनी सांगून टाकलंय.

द्राक्षबागेत दव मोजायला हीच डबी सोलरवर चालवा, असंही म्हणतात. दव पडतं रात्री, सोलर रात्री उपाशी. तिथे मी मुकाट्याने सेल घालतो.