ओल वजा जाता : २१ दिवसांच्या डाएटचा माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मी गेली एकोणीस वर्षे कापूस खरेदीचे काम पाहतो. शेतकऱ्याची गाडी काट्यावर आली की भरलेले वजन घ्यायचे, ट्रॉलीवर चढून खालीवरचा नमुना काढायचा, ओलावा मोजायचा आणि मग भाव सांगायचा, हे हंगामातले माझे रोजचे काम आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला कापूस घेतला जात नाही. आम्हा खासगीवाल्यांचा हिशेबही थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातो. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो, पण ते वजन रुईचे नसते आणि सरकीचेही नसते, ही गोष्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. स्वतःच्या शरीराचे वजन करताना मात्र हा साधा हिशेब मला वर्षभर सुचला नाही.

जानेवारी २०२२ मध्ये रक्तदाबाची गोळी वाढवून घ्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला काट्यावर उभे केले. वजन ९१.२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर आणि कंबर १०६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर गेला की त्याला लठ्ठपणा म्हणतात, असे त्यांनी सांगितले; माझा बीएमआय ३२ च्या वर होता. "सहा महिन्यांत पाच-सहा किलो उतरवा, तेवढे पुरे," हे त्यांचे शब्द मला तेव्हा फारच मिळमिळीत वाटले, कारण पुतण्याचे लग्न फेब्रुवारीत होते आणि शिवून ठेवलेल्या जोधपुरीची बटणे लागत नव्हती. नेमका त्याच आठवड्यात जिनिंगमध्ये एक छापील तक्ता हातोहात फिरत होता. त्यावर '२१ दिवसांत १० किलो' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. तो कोणी तयार केला हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तसे विचारावे असे मलाही वाटले नाही.

तक्ता सोपा होता. सकाळी लिंबू-मधाचे कोमट पाणी, दुपारी दोन केळी आणि ताक, संध्याकाळी दुधीचे सूप आणि काकडी, मध्ये भूक लागली तर पपई किंवा आणखी एखादे केळे. केळ्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यात खर्चही नव्हता. भाकरी, पोळी, डाळ, तेल आणि चहा सगळे बंद. संक्रांतीचे तिळगूळ जेमतेम संपले होते, थंडी होती, शेताशेतांत कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरताच्या पार्ट्या चालल्या होत्या, आणि मी डब्यातून काकडीच्या चकत्या काढून खात होतो.

पहिल्या चार दिवसांत वजन ३.१ किलोने उतरले. वहीत ते आकडे लिहिताना मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. घरात, जिनिंगमध्ये, फोनवर, भेटेल त्याला मी तो आकडा सांगत सुटलो. पुढचे दिवस मात्र जड गेले. पोट साफ होईना, हात गार पडत, आणि काट्यावर भावावरून कोणी हुज्जत घातली की मी नको तितका चिडत असे. पंधराव्या दिवशी नमुना काढायला ट्रॉलीवर चढलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ट्रॉलीच्या कडेचा फाळका हाताला लागला म्हणून खाली पडलो नाही. डॉक्टरांनी दाब मोजला तेव्हा तो माझ्या नेहमीच्या आकड्यापेक्षा कितीतरी खाली होता. "गोळी पूर्वीचीच आणि जेवण पाव, मग दाब उतरणार नाही तर काय होईल? तुम्हाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असत्या तर आज वेगळेच काही घडले असते," असे म्हणून त्यांनी गोळी कमी केली आणि उपास बंद करायला सांगितले. वजन असे झपाट्याने उतरवले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हेही त्यांनी बजावले. मी मान डोलावली आणि उरलेले सहा दिवस पूर्ण केले. माणूस किती हट्टी असतो याचा दाखला दुसरीकडे शोधायला नको.

एकविसाव्या दिवशी वजन ८३.४ भरले. ७.८ किलो गेले होते. जोधपुरीची बटणे लागली. लग्नात सगळे कौतुक करत होते, फक्त आईने हनुवटीला हात लावून विचारले, "काय व्हयनं रे भाऊ तुले? तोंड कितलं उतरी गयं!" त्याच पंगतीत मी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी खायला बसलो. पोट तट्ट भरले होते हे मला कळत होते आणि तरी हात थांबत नव्हता. पुढचे कित्येक आठवडे हेच चालले. शेवभाजीची तर्री वरून आणखी वाढून घ्यायची आणि जेवण होऊन तासाभरात डब्यात काय आहे ते पाहायचे, असा तो काळ होता. दोन आठवड्यांत वजन ८७ झाले, एप्रिलमध्ये कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, आणि गणपती बसले त्या आठवड्यात काटा ९३.४ वर होता. म्हणजे सुरुवातीपेक्षा दोन किलो जास्तच. मी वही कपाटात खाली दडवून ठेवली.

ती वही माझ्या भाचीने बाहेर काढली. ती आहारशास्त्र शिकून नाशिकला काम करते आणि दिवाळीला आमच्याकडे आली होती. तिने उपदेश केला नाही, कागद मागितला. माझ्यासारख्या माणसाला दिवसाला सुमारे २,४०० कॅलरी लागतात, तक्त्यातून ७५० मिळत होत्या, म्हणजे रोजची तूट १,६५० ची. एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. या हिशेबाने पहिल्या चार दिवसांत पाऊण-एक किलोच चरबी गेली असणार, आणि एकवीस दिवसांत फार तर साडेचार किलो. त्यातही थोडा भाग स्नायूंचा धरावा लागतो. "मग बाकीचे तीन-सव्वातीन किलो कुठे गेले, मामा?" तिने विचारले. यकृत आणि स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात धरून ठेवतात, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे तोडले की आधी हा साठा उपसला जातो आणि पाणी निघून जाते. आतड्यातले अन्न आणि मीठ कमी झाल्यानेही काटा खाली येतो. पुन्हा दोन दिवस पोटभर जेवले की ते सगळे परत येते.

ती बोलत होती आणि मला काट्यावरच्या ओल्या गाड्या दिसत होत्या. दुसऱ्याच्या कापसातली ओल मी अर्ध्या टक्क्यापर्यंत कापतो आणि स्वतःच्या वजनातली ओल 'कमाई' म्हणून वहीत मांडली होती.

पाण्याचे मला पटले. पण उतरलेले वजन व्याजासकट का परत आले, हा प्रश्न उरलाच. मी त्याला माझा हावरटपणा म्हणत होतो. भाचीने तेव्हा मला अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे दिवसाला जेमतेम १,५७० कॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने घटले. ते चिडखोर झाले, त्यांना थंडी वाजू लागली, आणि अन्नाखेरीज त्यांना काही सुचेनासे झाले. पुढे भरपूर खायला मिळू लागल्यावरही कित्येकांचे पोट भरून समाधान होत नव्हते. हे ऐकताना मला लग्नाची पंगत आठवली. अलीकडचे दाखलेही तिच्याजवळ होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पन्नास जणांनी दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार घेतला, आणि वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तातले भूक वाढवणारे आणि दाबणारे संप्रेरक पूर्वीच्या पातळीवर आलेले नव्हते. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचे शरीर त्यांच्या वजनाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच खर्च करत होते.

म्हणजे हळू जावे हाच उपाय, असे मी लगेच म्हणालो, कारण मला खापर फोडायला वेग सापडला होता. इथे मात्र तिने मला अडवले. मेलबर्नमध्ये २०० लोकांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने बारा आठवड्यांत आणि दुसऱ्याने छत्तीस आठवड्यांत वजन उतरवले. झपाट्याच्या गटात ठरलेले वजन गाठणारे लोक उलट जास्त निघाले, आणि पुढच्या जवळजवळ तीन वर्षांत दोन्ही गटांनी उतरवलेल्यापैकी सुमारे ७१ टक्के वजन सारख्याच प्रमाणात परत मिळवले. ब्रिटनमधल्या आणखी एका अभ्यासात मधुमेही रुग्णांना तीन ते पाच महिने साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवले, आणि वर्षाअखेरीस ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, नंतर नेहमीचे जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केले होते आणि पुढेही देखरेख चालू होती. माझ्या तक्त्यावर एकविसाव्या दिवसापर्यंत सगळे लिहिलेले होते. बाविसाव्या दिवशी काय खायचे यासाठी एक ओळही नव्हती.

म्हणून आम्ही बाविसाव्या दिवसापासून सुरुवात केली. तिची अट एकच होती : जे मरेपर्यंत खाता येणार नाही ते आज ताटात घ्यायचे नाही, आणि जे सोडवणार नाही ते आज सोडायचे नाही. प्रथम सात दिवस काहीही न बदलता मी फक्त लिहिले. त्यातून दोन चोर सापडले. पहिला तेलाचा डबा. आम्हा चौघांच्या घरात पंधरा किलोचा शेंगदाणा तेलाचा डबा अडीच महिन्यांत संपत होता, म्हणजे माणशी दिवसाला पन्नास ग्रॅम, आणि एका ग्रॅमला नऊ कॅलरी. भरताचे वांगे बिचारे निर्दोष. गुन्हा सगळा फोडणीचा आणि सोबतच्या पुऱ्यांचा. दुसरा चोर काट्यावरचा चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दोनशे कॅलरी, आणि त्याबरोबर येणारी शेव वेगळी.

पत्नी म्हणाली, "अहो, तेल कमी केले तर भाजीला चव कुठून येणार?" शंका रास्त होती. आठवडाभर भाज्या खरेच बेचव झाल्या. मग तिने लसूण आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा वाढवला, वाटणात खोबरे कमी केले आणि डबा चार महिने पुरू लागला. चहा दोनवर आला. कळण्याची भाकरी मात्र सोडली नाही, तीनच्या दोन केल्या. ज्वारीत उडीद असल्यामुळे ती पोटात टिकते, आणि तिच्याबरोबर डाळ किंवा मोड आलेली मटकी पूर्वीपेक्षा वाटीभर जास्त घेऊ लागलो. आठवड्यातून चार दिवस अंडी. सकाळी चाळीस मिनिटे चालणे, तेही मे महिन्यात साडेपाचलाच, कारण पारा ४३-४४ वर जातो तेव्हा सात वाजताही रस्त्यावर पाय ठेववत नाही. स्नायू झिजू नयेत म्हणून एक दिवसाआड बैठका आणि जोर. लहानपणी आखाड्यात दोनशे बैठका मारणाऱ्या मला पहिल्या दिवशी बारा जमल्या.

सुरुवातीला आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत गेले. आषाढाच्या सुमाराला काटा ८६ वर येऊन जो अडकला तो दहा आठवडे हलला नाही. तो काळ मला उपाशी असतानाच्या एकवीस दिवसांपेक्षा जास्त खडतर गेला, कारण तेव्हा निदान रोज आकडा बदलत असे. हलक्या झालेल्या शरीराला कमी अन्न पुरते, त्यामुळे जुन्याच ताटात आता तूट उरलेली नाही, हे भाचीने फोनवर समजावले. मी रात्रीची अर्धी भाकरी कमी केली आणि चालणे पंधरा मिनिटांनी वाढवले. दिवाळी २०२३ ला वजन ८४.१ होते. वर्षभरात ९.३ किलो म्हणजे त्या छापील तक्त्याच्या दृष्टीने हसण्यासारखाच आकडा, पण कंबर ९५ वर आली आणि रक्तदाबाची कमी केलेली गोळी पुन्हा वाढवावी लागली नाही.

तेव्हापासून काटा ८३ आणि ८५.५ यांच्या मध्ये फिरतो आहे. मी रोज सकाळी वजन करतो, पण वहीत फक्त रविवारी सात दिवसांची सरासरी लिहितो. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो होतो. चुलीवरच्या खापरावर मांडे चालले होते, परातभर आमरस होता, आणि आईने न विचारता दुसरा मांडा ताटात टाकला. मी तो खाल्ला. दोन दिवसांनी काटा १.४ किलोने वर गेला होता. पत्नीने काळजीने विचारले तेव्हा मी वहीत त्या आकड्यापुढे कंसात 'ओल' असे लिहून तिला दाखवले. शनिवारपर्यंत ती उतरली.