परभणीच्या उन्हाळ्यात जुन्या लॅपटॉपचे कर्सर: गोळा, लाल ठिपका आणि टचपॅड

मंडळी, जुन्या लॅपटॉपच्या माझ्या संग्रहात अखेर ट्रॅकबॉलवाला, म्हणजे बोटानं गोळा फिरवून कर्सर हलवायचा लॅपटॉप आला. अ‍ॅपलचा पॉवरबुक १४५बी, १९९३ सालचा. सिकंदराबादला पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जुना माल उपसताना हाती लागला. दुकानातल्या चाचांनी आधीच सांगून टाकलं, "ये गोलीवाला है भैया, इसको अब कोई नहीं पूछता." मला तोच हवा होता. देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीपर्यंत तो मांडीवरच आणला.

आता टेबलावर कर्सर हलवायच्या साधनांच्या तिन्ही जाती एकत्र आहेत: ट्रॅकबॉल, ट्रॅकपॉइंट (कीबोर्डच्या मधोमध असलेला लाल ठिपका) आणि टचपॅड. जुन्या लॅपटॉपची चर्चा निघाली की आपण प्रोसेसर, रॅम, स्क्रीन यांवरच बोलतो. पण यंत्र वापरताना बोट सतत कशावर असतं? कर्सर हलवायची ही सोय कुठं बसवायची, यावर १९९० च्या आसपास कंपन्यांनी जेवढं डोकं चालवलं तेवढं पुढं कधी चालवलं नाही. १९८९ च्या मॅकिंतॉश पोर्टेबलमध्ये ट्रॅकबॉल कीबोर्डच्या डावीकडं किंवा उजवीकडं, हवा तिकडं बसवता यायचा. कॉम्पॅकच्या एलटीई मालिकेतल्या काही मॉडेलांत गोळा स्क्रीनच्या उजव्या काठावर आणि त्याची बटणं झाकणाच्या मागच्या अंगाला; अंगठा पुढं, बोटं मागं. एचपीच्या १९९३ च्या ऑमनीबुक ३०० मध्ये तर उजव्या कुशीतून दांडीला जोडलेला छोटा माउसच बाहेर यायचा.

आधी पॉवरबुकबद्दल. ऑक्टोबर १९९१ मध्ये पहिले पॉवरबुक आले आणि अ‍ॅपलनं कीबोर्ड स्क्रीनकडं सरकवला. पुढं मोकळी जागा राहिली, तिथं मधोमध ट्रॅकबॉल आणि दोन्ही बाजूंना मनगट टेकायला ऐसपैस जागा. त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपांत कीबोर्ड पुढच्या कडेला असायचा, हात अधांतरी राहायचे. आज कुठलाही लॅपटॉप उघडा, मांडणी तीच दिसेल. फक्त गोळ्याच्या जागी टचपॅड आहे.

माझ्या नगाचा कर्सर आडवा नीट जायचा, उभा अडखळायचा. गोळ्याभोवतीचं कडं फिरवलं, यंत्र पालथं केलं, गोळा हातात आला. आत दोन बारीक दांड्या असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. गोळा फिरला की त्या फिरतात आणि त्यांचं फिरणं मोजलं जातं. उभ्या हालचालीच्या दांडीवर, गोळा जिथं टेकतो नेमक्या तिथं, राखाडी मळाचं घट्ट कडं जमलं होतं. चिमट्यानं टोक उचललं तर ते सलग पट्टीसारखं सुटून आलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी फिरवली. गोळा साध्या पाण्यानं धुऊन सुती फडक्यानं कोरडा केला. कर्सर चारही दिशांना सरळ.

इथं सावध राहायला हवं. दिवाळीनंतर आपल्याकडं जिनिंग सुरू झाली की हवेत कापसाचे तंतू उडतात. मानवत, सेलूच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. ते तंतू बोटाच्या तेलाला चिकटतात आणि गोळ्याबरोबर आत जातात. म्हणून ट्रॅकबॉलवाल्या यंत्रावर वापर नसताना फडकं टाकून ठेवा आणि काडीतले सुटे तंतू आत राहिले नाहीत ना, हे भिंगातून बघा. पण मला या रचनेचं फार कौतुक वाटतं ते यासाठी, की तीस वर्षांनंतरही ती हातानं उघडते, साफ होते आणि पुन्हा चालते. टचपॅड बिघडला तर दुसरा शोधावा लागतो.

या पॉवरबुकची स्क्रीन पॅसिव्ह मॅट्रिक्स, म्हणजे चित्र सावकाश बदलणाऱ्या जुन्या प्रकारची आहे, काळी-पांढरी, ६४० बाय ४०० ची. गोळा जोरात फिरवला की कर्सर दिसेनासा होतो आणि थांबल्यावर पुन्हा उमटतो. हा ट्रॅकबॉलचा दोष नाही. स्क्रीनचे ठिपके तेवढ्या वेगानं बदलत नाहीत. विंडोज ३.१ मध्ये कर्सरमागं शेपटी सोडायची सोय दिली होती, ती अशाच स्क्रीनसाठी. पॉइंटिंगची तुलना करताना स्क्रीन कोणती आहे हे धरलंच पाहिजे; नाही तर बिचाऱ्या गोळ्यावर अन्याय होतो.

आता लाल ठिपका. माझ्याकडं थिंकपॅड टी४२ आणि एक्स६१ आहेत. (नव्यानं घेणाऱ्यांसाठी: टी४२ ला १६ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो आणि एक्स६१ ला २० चा. जुन्या बाजारात दोन्ही एकाच टोपलीत असतात, लेबल वाचूनच घ्या.) आयबीएममध्ये टेड सेल्कर आणि जोसेफ रटलेज यांनी ट्रॅकपॉइंट घडवला आणि १९९२ च्या थिंकपॅड ७००सी वर तो लोकांसमोर आला. त्यामागचा मूळ मुद्दा साधा आहे: कीबोर्डवरून माउसकडं हात न्यायला पाऊण सेकंदाच्या आसपास जातो, परतायला पुन्हा तेवढाच. हात हललाच नाही तर तो वेळ वाचतो.

हा मुद्दा मराठी टाइप करताना जास्त पटतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत जी म्हणजे उकार, एच म्हणजे प आणि बी म्हणजे व. लाल ठिपका या तिघांच्या मधोमध. गावाकडच्या जमिनीच्या कागदांचं टायपिंग मी एक्स६१ वर करतो. चुकलेल्या ओळीवर जायचं तर उजव्या हाताची तर्जनी जराशी डावीकडं सरकते, ठिपका दाबते आणि परत र वर येते. मधल्या बटणासह ठिपका दाबला की पान सरकतं. तासन्‌तास टायपिंग असेल तर मी दुसरं काही घेणार नाही.

ठिपका प्रत्यक्षात जागचा फारसा हलत नाही. खाली स्ट्रेन गेज नावाचे सेन्सर असतात, ते बोटाचा जोर मोजतात. जोरावर वेग ठरतो. गंमत त्या नात्यात आहे. हलक्या दाबाला कर्सर एका मंद वेगावर टिकतो, म्हणजे दोन अक्षरांच्या मधे नेमकं जाता येतं. मधल्या दाबाला तो डोळ्याला पाठलाग करता येईल एवढ्याच वेगावर राहतो. त्याहून जोर दिला तरच तो सुसाट सुटतो. नवीन माणूस सुरुवातीपासून जोरात रेटतो आणि "हे काही जमत नाही" म्हणून सोडून देतो. त्याला आठवडाभर हलक्या बोटानं वापरायला सांगा.

उन्हाळ्यात मात्र ठिपक्याची एक खोड दिसते. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणणाऱ्या आपल्या गावात मे महिन्यात दुपारी एक्स६१ तापला की बोट उचलल्यावरही कर्सर आपोआप एका बाजूला वाहत जातो. तापमान बदललं की गेजचं शून्य सरकतं. अशा वेळी उलट्या बाजूला दाबून त्याच्याशी झटापट करू नका. बोट काढा, क्षणभर थांबा. आतला कंट्रोलर नवं शून्य धरतो. फार वेळ एकसारखा दाब दिला तरी हेच होतं. लिनक्सवर संवेदनशीलता आणि वेग या दोन्ही किमती बदलता येतात. मुळात त्या १२८ आणि ९७ असतात. मी संवेदनशीलता २०० वर नेली आणि वेग तसाच ठेवला. बोट कमी दुखतं आणि नेमकेपणाही टिकतो.

टचपॅडवर थोडक्यात. जॉर्ज गेरफाइड यांचं हे काम आणि १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेतून ते लॅपटॉपमध्ये रुळलं. माझ्याकडं डेल लॅटिट्यूड डी६१० आहे, त्यात टचपॅड आणि निळा ठिपका दोन्ही. थिंकपॅडनंही २००२ च्या टी३० पासून दोन्ही द्यायला सुरुवात केली. टचपॅडखाली तारांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार बदलतो. पण घामही वीज वाहतो. कूलरच्या दमट हवेत बोट ओलं झालं की जुना टचपॅड गोंधळतो, कर्सर उड्या मारतो. हिवाळ्यात हाच टचपॅड मला आवडतो. फोटो बघायला, नकाशा सरकवायला तो सगळ्यांत सोपा. मे महिन्यात मी निळ्या ठिपक्यावर जातो. घामानं ठिपक्याला फरक पडत नाही, फक्त ठिपक्यावरची रबरी टोपी खरखरीत हवी. गुळगुळीत झालेली टोपी बदलून टाका.

सध्याचं काम: पॉवरबुकच्या स्क्रीनमागचे कपॅसिटर गळायच्या आत बदलायचेत. या मालिकेत ते गळतातच. झाकणाचे प्लास्टिकचे खांब ठिसूळ झालेत, म्हणून ते काम नांदेडच्या मित्राच्या बाकावर, त्याच्या हॉट एअरखाली (गरम हवेनं डाग वितळवणाऱ्या यंत्राखाली) करणार. एससीएसआय (जुन्या जोडणीची) हार्ड डिस्क अजून फिरते, पण आवाज वाढलाय. तिच्यातलं सगळं आधी उतरवून घेतो आणि मग तिच्या जागी ब्लूस्कझी, म्हणजे मेमरी कार्डावर चालणारा पर्याय बसवतो. छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याकडं कुणाला ऑमनीबुक ३०० किंवा गोळेवाला कॉम्पॅक एलटीई दिसला तर कळवा. बंद असला तरी चालेल, फक्त माउसची दांडी किंवा गोळा जागेवर असावा.