पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लहान मुलांची स्पीच थेरपी शिकवताना : माझा अनुभव

पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला ध्वनिदोषांची नावं पाठ असतात, चाचण्यांची यादीही पाठ असते. पण समोर चार वर्षांचं मूल येऊन बसलं की त्याची नजर हातातल्या नियोजनाच्या कागदावर खिळते. पुढचं चित्र कोणतं, त्यानंतरचा खेळ कोणता, एवढंच डोक्यात फिरत राहतं आणि मूल त्या क्षणी नेमकं काय बोललं ते निसटून जातं. ही नजर कागदावरून उचलून मुलाकडे वळवणं, हाच माझ्या शिकवण्याचा गाभा आहे. नुसतं सांगून ते होत नाही. मोजायला लावलं की होतं.

सुरुवात कानापासून. थेरपी हातात देण्याआधी मी ध्वनिलेखन, म्हणजे ऐकलेला उच्चार जसाच्या तसा लिहून काढणं, पक्कं करून घेते. ४० शब्दांचं एक रेकॉर्डिंग विद्यार्थी आणि मी वेगवेगळं लिहितो आणि मग एकेक व्यंजन ताडून पाहतो. जुळलेली व्यंजनं भागिले एकूण व्यंजनं, गुणिले १००. सलग दोन रेकॉर्डिंगमध्ये ८० टक्क्यांच्या वर जुळणी आल्याशिवाय त्याने काढलेले आकडे मी मुलाच्या फाइलमध्ये जाऊ देत नाही. पहिल्या खेपेला बहुतेकांची जुळणी कमी येते, कारण मूल जे म्हणालं त्याऐवजी मुलाला जे म्हणायचं होतं ते लिहिलं जातं. चित्र गाडीचं, मूल म्हणतं ‘दाडी’, कागदावर मात्र ‘गाडी’ उतरते. म्हणून सरावाच्या वेळी मी चित्र दाखवत नाही आणि शब्दही सांगत नाही, फक्त आवाज ऐकवते.

देवनागरीत लिहायची सवयही इथे आड येते. ‘नाक’ लिहिताना शेवटी अख्खा क दिसतो, बोलताना मात्र शब्द क् वरच थांबतो. शेवटचं व्यंजन गाळणारं मूल ‘ना’ म्हणतं तेव्हा नेमकं काय गळलं, हे लिपीवरून कळत नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले च लिहायला एकच, उच्चाराला दोन. एक चुकतो आणि दुसरा बरोबर येतो, अशी मुलं असतात. त्यामुळे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीशिवाय माझ्याकडे पर्याय नाही. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मूल ‘पानी’ म्हणालं म्हणून लगेच चूक धरायची नाही. घरची मंडळी काय म्हणतात ते आधी ऐकायचं. घरच्या बोलीत ण नसेल तर तो दोष नाही आणि त्याची थेरपीही नाही.

तपासणीच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारी पायरी म्हणजे श्रवणाची चाळणी, म्हणजे नीट ऐकू येतं का याची झटपट तपासणी. ‘आई म्हणाली, नीट ऐकू येतं’ एवढ्यावर विद्यार्थी पुढे सरकतात. मधल्या कानात पाणी साठलं असेल तर ऐकणं दिवसागणिक कमीजास्त होतं आणि घरात ते सहज लक्षात येत नाही. १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला २० डेसिबल, दोन्ही कान. इतकं झाल्याशिवाय उच्चारांची चाचणी उघडायची नाही. मूल हेडफोनला प्रतिसाद देण्याएवढं मोठं नसेल तर त्याला ऑडिओलॉजिस्टकडे पाठवायचं.

बोलण्याचा नमुना घेणं सोपं वाटतं, पण तिथेच जास्त शिकवावं लागतं. निदान ५० उद्गार (मूल एका वेळी बोललेलं वाक्य किंवा शब्द) हवेत, १०० मिळाले तर उत्तम. विद्यार्थी विचारत सुटतात, ‘हे काय आहे? कोणता रंग आहे? तुला आवडतं का?’ मूल एकेका शब्दात उत्तरं देतं आणि अहवालात लिहिलं जातं की मूल एकशब्दी बोलतं. ते मूल एकशब्दी नसतं, प्रश्न एकशब्दी असतात. यावर मी एक काम देते. स्वतःच्या पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधली स्वतःचीच वाक्यं लिहून काढायची आणि प्रत्येकापुढे प्रश्न, आज्ञा किंवा नुसतं बोलणं अशी खूण करायची. चार वाक्यांमागे एकापेक्षा जास्त प्रश्न नकोत, हा माझा नियम. ‘अरे, चाक निसटलं!’ असं म्हणून गप्प बसायचं. पाच सेकंद गप्प बसायचं. घड्याळ नसेल तर बहुतेकांना दोन सेकंदांतच पाच झाल्यासारखी वाटतात, म्हणून सुरुवातीला मनात सातपर्यंत मोजायला सांगते.

उद्गाराची सरासरी लांबी काढताना मी शब्द मोजायला लावते. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये मांडलेले रूपिमांचे, म्हणजे शब्दातले अर्थ असलेले सगळ्यात छोटे तुकडे मोजायचे, नियम इंग्रजीसाठी आहेत. मराठीत ‘मुलाला’ या रूपाचे तुकडे किती धरायचे यावर दोन विद्यार्थ्यांचं एकमत होत नाही आणि मग महिन्यापूर्वीच्या आकड्याशी आजच्या आकड्याची तुलना फसते. तसंच दुसऱ्या भाषेतल्या चाचणीचं भाषांतर करून तिचेच प्रमाणगुण (त्या भाषेतल्या मुलांवरून ठरवलेले गुण) लावणं पूर्णपणे चूक आहे. त्या चाचणीतून मुलाला काय येतं आणि काय येत नाही याचं वर्णन करता येईल, गुण देता येणार नाहीत.

उच्चारदोषाची तीव्रता सांगायला बरोबर व्यंजनांची टक्केवारी उपयोगी पडते. श्रीबर्ग आणि क्वियात्कोव्स्की या संशोधकांनी १९८२ मध्ये ती मांडली. २०० व्यंजनांपैकी १२४ बरोबर आली तर ६२ टक्के. त्यांच्या पट्टीवर ५० ते ६५ म्हणजे मध्यम ते तीव्र. अस्पष्ट, विकृत उच्चारही इथे चूकच धरला जातो, हे विद्यार्थी विसरतात आणि टक्केवारी फुगते. ती पट्टीही इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून आली आहे, म्हणून मी हा आकडा मुलाची त्याच्याच आधीच्या आकड्याशी तुलना करायला वापरते. एकच शब्द दर वेळी वेगळा येत असेल तर आणखी एक तपासणी करायची. २५ शब्द एकाच बैठकीत, मध्ये दुसरं काहीतरी करत, तीनदा म्हणवून घ्यायचे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त शब्द वेगवेगळे आले तर उच्चार अस्थिर आहेत. मात्र अस्थिर उच्चार म्हणजे अ‍ॅप्रॅक्सिया (मेंदूकडून बोलण्याच्या हालचालींची आखणी नीट न होणं) असा निष्कर्ष लगेच काढायचा नाही. मागोमाग म्हणताना उच्चार सुधारतो का, लांब शब्दांत तोंड चाचपडतं का, सूर आणि आघात बिघडतात का, हे पाहिल्याशिवाय तो शब्द अहवालात येऊ नये.

उद्दिष्ट लिहिणं. ‘क चा उच्चार सुधारणे’ हे मी परत पाठवते. ‘चित्राचं नाव सांगताना, नमुना न ऐकता, न शिकवलेल्या शब्दांत सुरुवातीचा क २० पैकी १६ वेळा बरोबर, सलग दोन सेशनमध्ये’ असं लिहिलं की दुसऱ्या कुणालाही ते तपासता येतं. ‘न शिकवलेल्या’ हे दोन शब्द त्यात सगळ्यात महत्त्वाचे. शिकवलेले दहा शब्द मूल पाठ करतं. सुधारणा खरी की नाही ते बाहेरच्या शब्दांत दिसतं. म्हणून दर चौथ्या सेशनच्या सुरुवातीला, थेरपीआधी, शाबासकी न देता आणि चूक न सुधारता शब्दांची चाळणी घ्यायची. क चे न शिकवलेले दहा शब्द, क सारखाच जीभ मागे टेकवून येणाऱ्या ग चे दहा आणि ज्याला हातच लावलेला नाही अशा र चे दहा. क बरोबर ग सुधारला तर मुलाने नियम उचलला. र सुद्धा तेवढाच वर गेला, तर ते श्रेय वाढत्या वयाचं असू शकतं आणि तसंच लिहायचं.

आता प्रत्यक्ष सेशन. ३० मिनिटांतली पहिली तीन मुलाला रुळायला आणि शेवटची पाच पालकांसाठी धरली तर हातात २२ मिनिटं, म्हणजे १३२० सेकंद उरतात. एक शब्द म्हणवून घेतला की खेळाची एक पाळी, आणि दोन्ही मिळून ४० सेकंद लागत असतील तर अख्ख्या सेशनमध्ये ३३ प्रयत्न होतात. तेच पाच शब्दांनंतर एक पाळी दिली, शब्दाला ६ सेकंद आणि पाळीला २५, तर ५५ सेकंदांत पाच, म्हणजे २२ मिनिटांत १२० प्रयत्न. खेळणी तीच, मूल तेच. हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतःच्या व्हिडिओवर घड्याळ लावून काढला की महागड्या खेळण्यांची आवड आपोआप कमी होते. ५० च्या खाली प्रयत्न झाले तर मी पुढच्या नियोजनाआधी कारण लिहून मागते.

कारणं ठरलेली असतात. चित्रं हाताशी लावून ठेवलेली नसतात. जिंकण्या-हरण्याचा खेळ निवडलेला असतो आणि वेळ समजूत काढण्यात जातो. किंवा शब्दच चुकीचे निवडलेले असतात. क ऐवजी त म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘किल्ली’ दिली तर इ जिभेला पुढे खेचतो. ‘नाक’, ‘काका’, ‘कोको’ असे शब्द आधी द्यावेत. शब्दाच्या शेवटचा क अनेक मुलांना सुरुवातीच्या क पेक्षा लवकर जमतो.

एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या शब्दजोड्यांची पद्धत शिकवताना एक चूक हमखास होते. ‘कार’ आणि ‘तार’ अशी दोन चित्रं आहेत, मुलाला कार हवी आहे आणि ते म्हणतं ‘तार’. विद्यार्थ्याला दया येते आणि तो कारच देतो. मग मुलाने आवाज का बदलावा? तारच द्यायची, शांतपणे. मुलाच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसतो, आणि सुधारण्याची गरज तिथेच जन्मते. दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर जीभ मागे कुठे टेकते ते दाखवायचं, सोबत म्हणायचं आणि यश मिळवून द्यायचं. मुलाला हताश होऊ द्यायचं नाही.

‘छान!’ या शब्दावर मी काही दिवस बंदी घालते. चुकीच्या उच्चारावरही तो तोंडातून निघतो आणि मुलाला काहीच कळत नाही. ‘आवाज मागून आला’ किंवा ‘जीभ पुढे आली, परत एकदा’ हे सांगितलं तर उपयोग होतो. अचूकता वाढली की दर प्रयत्नाला सांगणं थांबवायचं, तिसऱ्या-चौथ्याला सांगायचं. नाहीतर मूल स्वतःचं ऐकायला शिकत नाही.

पालकांच्या पाच मिनिटांत भाषण नको. विद्यार्थी दाखवेल, आई किंवा बाबा करून पाहतील, विद्यार्थी एक गोष्ट सुधारेल. घरी जे शब्द बरोबर येऊ लागले आहेत तेच द्यायचे, रोज पाच मिनिटं. न येणारे शब्द घरी दिले तर चुकीचाच सराव होतो आणि ‘नीट बोल’ सुरू होतं. मूल ‘तात’ म्हणालं तर ‘हो, चाक! मोठं चाक!’ एवढंच म्हणून पुढे जायचं. आणि घरात दोन भाषा असतील तर एक सोडून द्या, हा सल्ला माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने देऊ नये. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही.

राहिला माझा भाग. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट यांच्या आशा (ASHA) संघटनेच्या नियमात विद्यार्थ्याच्या प्रत्येक रुग्णासोबतच्या वेळेपैकी किमान २५ टक्के वेळ प्रत्यक्ष देखरेख हवी. मी सुरुवातीला पूर्ण वेळ बसते आणि हळूहळू बाहेर पडते. या क्षेत्रातल्या देखरेखीच्या अभ्यासक जीन अँडरसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला प्रवास हाच आहे. आधी सुपरवायझर सांगतो, मग दोघं मिळून ठरवतात, शेवटी विद्यार्थी स्वतःला तपासतो. सेशन चालू असताना मी बोलत नाही, चिठ्ठी सरकवते. पालकांसमोर तोंडी सुधारलं की विद्यार्थ्याचा आत्मविश्वास तर जातोच, पालकांचा विश्वासही जातो. मुलाला इजा होण्याची शक्यता असेल तेवढीच वेळ अपवाद.

अभिप्राय त्याच दिवशी, आणि आधी विद्यार्थ्याचा. त्याने व्हिडिओतली पाच मिनिटं निवडून स्वतः मोजायची: प्रयत्न, बरोबर, थांबलेले सेकंद, चुकीला मिळालेली शाबासकी. मग माझे आकडे शेजारी ठेवायचे. ‘आज थोडी घाई झाली’ असं मी लिहीत नाही. ‘१२ मिनिटं १० सेकंदांवर मूल तोंड उघडत होतं, तू एका सेकंदात उत्तर दिलंस’ असं लिहिते. पुढच्या वेळेसाठी बदल एकच. तीन सांगितले तर एकही होत नाही.

शैक्षणिक सत्र संपताना शेवटचं काम म्हणून विद्यार्थी त्याचं मूल पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवतो. एका पानात: कोणत्या शब्दाला मदतीचा कोणता इशारा लागतो, कोणता काढला, शेवटच्या चाळणीचे आकडे, आणि मूल कंटाळलं की ते कसं ओळखायचं. नव्या विद्यार्थ्याने फक्त ते पान वाचून दुसऱ्या दिवशी सेशन घ्यायचं, आणि जुन्याने काचेमागे बसून आपल्या पानात काय राहून गेलं ते टिपायचं.