अनवाणी

वेस्टपोर्ट, आयर्लंड, सोमवार, रात्री उशिरा

काल क्रोक पॅट्रिक डोंगराच्या माथ्यावर जे घडले ते मुद्दाम सांगावे असे मुळीच नाही, आणि तरीही आज दिवसभर माझे मन तिथून हललेले नाही. एका बाईंनी मला काही विचारले आणि मी उत्तर न देता हसले, एवढेच.

जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे इथल्या लोकांचा ‘रीक संडे’. संत पॅट्रिकने ज्याच्या माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला असे मानतात तो हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर त्या दिवशी माणसांनी फुलून जातो. शेवटचा चढ म्हणजे नुसती सुट्या दगडांची घसरण. एक पाऊल पुढे टाकावे आणि अर्धे मागे यावे. तोही काही जण अनवाणी चढतात. माझ्या पुढे चाललेल्या आजोबांच्या टाचेतून रक्त येत होते, आणि त्यांच्यामागून मी दादाने घेऊन दिलेले जाड तळव्यांचे बूट घालून, काठी टेकत, निवांत चालले होते. वाटेत पॅट्रिकचा शिष्य बेनॉन याच्या नावाची दगडांची रास लागते. तिच्याभोवती प्रार्थना म्हणत सात फेऱ्या घालायच्या असतात, त्याही सूर्याच्या गतीने, रास उजव्या हाताला ठेवून, म्हणजे थेट आपल्या प्रदक्षिणेसारख्या. बहुधा त्या फेऱ्यांमुळेच माझे पाय आपण कुठे आहोत हे विसरले असावेत, कारण माथ्यावरच्या चॅपेलपाशी पोहोचताच मी, कोणीही न सांगता, बूट काढले. एवढेच नव्हे, तर ते नीट पिशवीत घालून पाठीवर टाकले. आळंदीला माझी नवी कोल्हापुरी चोरीला गेली तेव्हापासून मी कोणत्याही देवाच्या दारात पादत्राणे सोडत नाही.

त्या बाई प्रार्थना आटोपून बाहेर येत होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “इतक्या लांबच्या देशातून येऊन अनवाणी चढलीस?” मी हसले. त्यांचे डोळे भरून आले. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, सहा वर्षांत आलेला नाही, त्याच्यासाठी एक शब्द टाक, अनवाणी माणसाचे देव आधी ऐकतो, असे त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली. मग आपल्या डब्यातले अर्धे सँडविच त्यांनी मला दिले. मी ते खाल्लेही.

‘नाही हो, बूट पिशवीत आहेत’ हे म्हणायला किती वेळ लागला असता? धुके होते, वारा होता, गर्दी होती, ही सगळी कारणे मी रात्रभर जमवली. पण खरे कारण एवढेच की डब्लिनमध्ये आल्यापासून माझ्याकडे त्या नजरेने कोणी पाहिले नव्हते. ऑफिसात... ते जाऊ दे. ती नजर मला आणखी थोडा वेळ हवी होती. दुसऱ्याच्या वाट्याचे पुण्य मी घेतले, आणि तेही हात न पसरता.

सकाळी ठरल्याप्रमाणे अ‍ॅकिल बेटावर गेले. स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी छपरे नसलेल्या दगडी घरांची लांबच लांब ओळ आहे, सोडून गेलेल्या गावाची, ती पाहिली. रस्ता जिथे संपतो तिथे कीमचा समुद्रकिनारा, डोंगरांच्या कुशीत घोड्याच्या नालासारखा वळलेला. तिथे बूट काढून पाण्यात उभी राहिले आणि पाय पाहिले, तर एकही ओरखडा नाही. अटलांटिकच्या पाण्याने बोटे बधिर झाली, इतकेच काय ते माझे तप.

आणि तिथेच फोन वाजला. चॅपेलसमोरचा माझा फोटो त्या बाईंनीच काढून दिला होता आणि मी तो, का कोण जाणे, घरी पाठवला होता. दादाने तो सगळ्या नातेवाइकांत फिरवला. आत्याने ‘धन्य गं पोरी’ असे लिहिले. सुमाने हात जोडले. एका हसण्याचे एवढे झाले. आई मात्र, जी आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेली आहे आणि जिच्या टाचा अजून बऱ्या झालेल्या नाहीत, थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “पाय फार स्वच्छ दिसतायत गं.”

मी मोठ्याने हसले. तीही हसली. मग तिने पुढच्या तपासणीची तारीख सांगितली आणि मी तिकिटाचे बघते म्हणाले.

परतताना म्युरिस्कला उतरले. डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या अलीकडे, १९९७ साली उभारलेले दुष्काळाचे स्मारक आहे: कांस्याचे जहाज, आणि त्याच्या डोलकाठ्यांभोवती दोरांऐवजी माणसांचे सांगाडे. बटाट्याचे पीक कुजले त्या वर्षांत जी माणसे अशा जहाजांतून निघाली त्यांच्यातली कितीतरी पलीकडे पोहोचलीच नाहीत. त्यांच्या आयांनी कोणाला शब्द टाकायला सांगितले असेल, हे मनात आले आणि मी तिथे फार थांबले नाही. खाली क्ल्यू बेच्या काठावर १४५७ साली स्थापलेला ऑगस्टिनियन मठ आहे. आता छप्पर नाही. आजूबाजूला थडगी, आणि पलीकडे उपसागरातली ती असंख्य छोटी बेटे, जी वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ आहेत असे इथे म्हणतात.

मुलाचे नाव मी विचारलेच नव्हते. म्हणून ‘ऑस्ट्रेलियातला तो, ज्याच्या आईने काल मला सँडविच दिले’ असे म्हणून, मराठीतच, शब्द टाकला. गवतात अंगाला खाज सुटवणारी झुडपे माजली होती, त्यामुळे बूट घालूनच.