झीरो कट करून घरी आलेला गोल्डन

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईच्या पेट पार्लरमधून गोल्डन रिट्रीव्हर, पॉम आणि हस्की सरसकट भादरून बाहेर पडायला लागतात. "उन्हाळा आहे, झीरो कट करून टाकू, थंड वाटेल त्याला," असं काउंटरवरच सांगितलं जातं. मालकालाही ते पटतं, कारण उन्हाळ्यात आपणही केस बारीक करतो. कुत्र्याचं शरीर मात्र तसं चालत नाही. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्रा धापा टाकून जिभेवाटे उष्णता बाहेर टाकतो. शिवाय या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि खाली कापसासारखी दाट लव. वरचे केस ऊन अडवतात. खालची सुटलेली लव विंचरून काढली की मधून हवा खेळते. उन्हाळ्यात काढायची ती ही लव, आणि तीही ब्रश, अंडरकोट रेक (खालची लव ओढून काढणारा लांब दातांचा कंगवा) आणि ब्लोअरने. मशीनने नाही.

मशीन फिरवलं की दोन्ही थर एकाच उंचीवर येतात. मग लव भराभर वाढते आणि राठ केस मागे पडतात. अंगावर लोकरीसारखं काहीतरी उगवतं, त्यात कुसळं अडकतात आणि पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही. काही कुत्र्यांच्या पाठीवर आणि मांड्यांवर कित्येक महिने केस येतच नाहीत, क्वचित वर्षाहून जास्त लागतं. कुठल्याही तेलाने ते लवकर येत नाहीत. तोवर भर उन्हात फिरवायचं नाही, कातडी भाजते.

म्हणून पार्लरमध्ये "थोडेसे कमी करा" असं मोघम बोलू नका, मशीनच्या ब्लेडचा नंबर ठरवा. नंबर जितका मोठा, तितके केस बारीक. १० नंबर अंगावर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७ एफ सुमारे ३ आणि ४ एफ साडेनऊ मिलिमीटर. गोल्डनला यातलं काहीच नको. पंजे, कानांच्या कडा आणि शेपटीची झालर कात्रीने सारखी केली की पुष्कळ झालं.

शिह त्झू या लांब केसांच्या छोट्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याचे केस कापता येतात, पण बहुतेक भांडणं त्याच्यावरूनच होतात. फोटो दाखवला टेडी बेअरचा आणि कुत्रा परत आला टकला! इथे दर वेळी ग्रूमरचाच, म्हणजे केस कापणाऱ्याचाच, दोष असतो असं मला वाटत नाही. घरी वरवर ब्रश फिरवला की वरचे केस मोकळे दिसतात आणि कातडीलगत गुंता तसाच राहतो. नेण्याआधी स्टीलचा कंगवा कानांमागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली आणि जांघेत थेट कातडीपर्यंत घालून बाहेर ओढून बघा. अडकला तर गुंता आहे. तसंच पाणी घातलं तर तो आणखी आवळतो, म्हणून गुंता आधी सोडवायचा आणि मगच अंघोळ. नमद्यासारखी चिकटलेली जट ओढत सोडवणं हा कुत्र्याचा छळ आहे, तिथे १० नंबरचं ब्लेडच योग्य. फक्त ती जट मालकाला कंगवा अडकवून आधी दाखवायला हवी. न दाखवता, न विचारता कापलं असेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

जट काढल्यावर कानांवर लक्ष ठेवा. इतके दिवस आवळलेल्या कानात एकदम रक्त उतरतं, कुत्रा डोकं झटकत राहतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुग्यासारखी होते. ग्रूमरने घरी पाठवताना एवढं तरी सांगायला हवं.

ब्लेडने भाजलेलं सहसा पार्लरमध्ये कळत नाही. एकच ब्लेड फार वेळ चाललं की तापतं. चांगला ग्रूमर दर काही मिनिटांनी ते स्वतःच्या मनगटाला लावून बघतो आणि गरम लागलं की बदलतो. तसं झालं नाही तर काही तासांनी पोटावर, जांघेत किंवा शेपटीखाली लाल, चकाकणारा पट्टा उठतो, कधी त्यात समांतर बारीक ओरखडे दिसतात. कुत्रा एकसारखं तिथेच चाटतो, बूड फरशीला घासतो. गार पाण्याची ओली घडी ठेवा, चाटू नये म्हणून गळ्यात कोन (प्लास्टिकची मोठी कॉलर) घाला. माणसांची मलमं, हळद-तेल काही लावू नका, सगळं पोटात जातं. कातडी ओलसर झाली, पाणी सुटलं तर डॉक्टरकडे न्या. नख खोल कापून नसेतून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर ५ मिनिटं न सोडता दाबून धरा.

सगळ्यात कमी माहिती असलेला आणि सगळ्यात वाईट प्रकार शाम्पूचा. मोठ्या कॅनमधला शाम्पू पाण्यात कालवून तीच बाटली दिवसेंदिवस वापरली की त्यात स्युडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात. शिवाय केसांच्या उलट दिशेने खसाखसा चोळलं की ते केसांच्या मुळाशी शिरतात. साधारण एक-दोन दिवसांत कुत्रा मलूल होतो, ताप येतो, पाठीला हात लावू देत नाही. केस बाजूला करून पाहिलं तर कण्याच्या दोन्ही बाजूंना, मानेपासून कमरेपर्यंत, लाल-काळपट पुटकुळ्या दिसतात. दाट केसांत त्या सहज लपतात. म्हणून शाम्पू आज कालवलाय का, हे पार्लरमध्ये विचारायला लाजू नका. आणि अशा कुत्र्याला दवाखान्यात नेलंत तर अंघोळ कोणत्या दिवशी झाली हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर हे दुखणं मणक्याचं समजलं जातं आणि कुत्र्याला लागणारं अँटिबायोटिक लांबणीवर पडतं.